काउंटरवर बसू नये

आज मंगळवारी सकाळी अकरा वाजता अलाबामातल्या टॅलबर्ट गावच्या इतिहास संग्रहालयात माझ्या आठवीच्या वर्गातली सहा मुलं आणि ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई जेवणाच्या जुन्या काउंटरपुढच्या सात स्टुलांवर बसली. उठायला सांगितल्यावर ती उठली नाहीत. घटना एवढीच आहे.

गावात या घटनेचं जे काही झालंय, त्याबद्दल थोडा खुलासा करतो. मी मुलांना चिथावलं नाही. माझ्या हातात कर्णा नव्हता, बाईंची पर्स होती. संग्रहालयाच्या संचालिकेच्या अंगावर कुणी केक फेकला नाही. केक आला होता हे खरं, पण तो दारातच अडवला गेला आणि त्याचं पुढे काय झालं ते पोलीस ऑफिसर गॅड्सडेनला विचारावं. मी बावीस वर्षं इथल्या दैनिकात बातम्या लिहिल्या. दैनिक बंद पडलं आणि मी शाळेत इतिहास शिकवायला लागलो. त्यामुळे जे झालं ते झालं तसं सांगायची खोड अजून गेलेली नाही, आणि या प्रकरणात तिचा मला काही फायदा झालेला नाही.

सुरुवात मुख्याध्यापिका मिसेस लॅटिमोर यांनी केली. दर फेब्रुवारीत आमच्या शाळेत नागरी हक्कांच्या चळवळीचे तक्ते होतात. मुलं त्यावर डिंक लावून चमकी ओततात, आणि ती चमकी जूनपर्यंत व्हरांड्यात, मुलांच्या केसांत आणि स्वयंपाकघरातल्या सूपमध्ये सापडत राहते. या वर्षी मिसेस लॅटिमोर म्हणाल्या, "पर्नेल, यंदा तक्ते नकोत. मुलांनी काहीतरी करून शिकलं पाहिजे." 'करून' हा शब्द त्यांचा आहे. तो त्यांना आता आठवत नाही.

करण्याजोगं आमच्या गावात होतं. १९६० साली हॅरल यांच्या औषधाच्या दुकानात जेवणाचा काउंटर होता. काळ्या माणसाने त्या दुकानात साबण घ्यावा, गोळ्या घ्याव्यात, पैसे मोजावेत, पण काउंटरवर बसून कॉफी मागू नये, असा नियम. गावातली सात पोरं-पोरी एका सकाळी जाऊन तिथे बसली. त्याआधी चर्चच्या तळघरात त्यांनी तालीम केली होती. निम्म्यांनी खुर्च्यांवर बसायचं, निम्म्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचं, डोक्यावर सॉस ओतायचा, आणि बसलेल्यांनी हात उचलायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, उठायचंही नाही. तीच तालीम आठवीच्या वर्गात घ्यायची, असं मी ठरवलं. सोपं वाटलं.

पहिला सल्ला कुंपणावरून आला. माझे शेजारी डीकन थ्रेडगिल हे चर्चचे जुने कारभारी. झाडाची फांदी छाटण्यापासून जावयाशी बोलण्यापर्यंत सगळ्यावर त्यांचा सल्ला असतो. ते म्हणाले, "पर्नेल, हे तू पुस्तकातून शिकवू नकोस. मला बोलव. मी होतो ना तिथे."

त्या काउंटरला सात स्टुलं होती. त्या दिवशी त्यांच्यावर आपण बसलो होतो असं सांगणारी माणसं मी वार्ताहर असल्यापासून मोजत आलोय, ती आता बत्तीस झाली आहेत. डीकन त्या महिन्यात डेट्रॉइटला आत्याकडे होते, असं त्यांची बायको सांगायची. ती वारल्यापासून ते दरवर्षी थोडे थोडे अलाबामाकडे सरकत आलेत. गेल्या वर्षी ते दुकानाच्या दारापर्यंत पोचले होते.

खरोखर बसलेल्यांपैकी आज एकच व्यक्ती हयात आहे, मिस ओझेला पेटवे. त्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. मी डीकनना धन्यवाद दिले आणि मिस ओझेलांना बोलावलं. तेव्हापासून डीकननी माझ्या हिरवळीबद्दल सल्ला देणं बंद केलंय. ही या प्रकरणातली एकमेव चांगली गोष्ट.

आता शिव्या. मुलांना शिव्या द्यायला लावायच्या तर मंजुरी हवी, असं मिसेस लॅटिमोर यांचं मत पडलं. प्रकरण जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातल्या वकिलाकडे गेलं. वकिलांनी बराच विचार करून तीन वाक्यं मंजूर केली. 'उठा.' 'इथे बसायचं नाही.' 'तुमचं इथे काय काम?' तिसऱ्या वाक्याबद्दल त्यांना शंका होती. ते आवाज न चढवता म्हणावं, असं त्यांनी कळवलं.

त्यात आमची मुलं पडली अलाबामातली. घरात, चर्चमध्ये, दुकानात, मोठ्या माणसाशी बोलताना 'सर' आणि 'मॅम' लावल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही. न लावलं तर आजी घरी बघून घेते. तालमीत मी स्वतः पहिला खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "आता मला त्रास द्या." कीऑन मॅब्री नावाचा सहा फुटी मुलगा पुढे आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला जमत असेल तर उठता का, सर?"

सॉसचाही प्रश्न होता. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मिसेस बग्ज म्हणाल्या, "केचप जेवणासाठी आहे, मास्तर. ते मी डोक्यासाठी देणार नाही." मग मी घरून पॅनकेकवर घालायच्या पाकाची बाटली आणली. माझी बायको व्हर्डेल मला पर्नेल न म्हणता क्लिफ म्हणते. ती म्हणाली, "क्लिफ, जुना शर्ट घाल." मी म्हणालो, मुलं तेवढं करणार नाहीत, फार सभ्य आहेत.

बाटली हातात आल्यावर त्यांची सभ्यता कुठे गेली, याचा तपास मला अजून लागलेला नाही. वर्षभर मी कमी दिलेला प्रत्येक गुण त्या दिवशी माझ्या डोक्यावरून खाली ओघळला. मी शिकवल्याप्रमाणे हात उचलला नाही, उत्तर दिलं नाही. त्याच वेळी शिक्षणाधिकारी शाळा बघायला आले होते. त्यांनी दारातून आत पाहिलं. मी डोळ्यांवरचा पाक न पुसता, सरळ बसून, त्यांना नमस्कार केला. ते पुढच्या वर्गात गेले.

दुसऱ्या दिवशी मिस ओझेला आल्या. डोक्यावर जांभळी टोपी, हातात छत्रीएवढी पर्स. मुलं कशी बसतात ते त्यांनी एकदा पाहिलं.

"हे बसणं नव्हे, हे लोळणं," त्या म्हणाल्या. "पाठ सरळ. पाय जमिनीवर. हातात पुस्तक, आणि ते खरंच वाचायचं. आणि बाळांनो, सगळ्यात महत्त्वाचं, आधी बाथरूमला जाऊन यायचं. आमच्यातल्या एकाने हे ऐकलं नव्हतं."

मुलं हसली. मग त्यांनी शेवटचा नियम सांगितला. "एकदा बसलात की उठवायचा हक्क फक्त कॅप्टनला, म्हणजे आपल्या गटाच्या प्रमुखाला. पोलिसाने सांगितलं, उठायचं नाही. पाद्र्याने सांगितलं, उठायचं नाही. तुमची आई रडत आली तरी नाही."

मी तो नियम फळ्यावर लिहिला. शुक्रवारी त्यावर चाचणी घेतली. प्रश्न चौथा: बसलेल्यांना उठवण्याचा अधिकार कुणाला? बरोबर उत्तर, 'फक्त कॅप्टनला'. सगळ्या वर्गाला पूर्ण गुण. असं माझ्या वर्गात याआधी कधी झालं नव्हतं, आणि मी ते अभिमानाने मिसेस लॅटिमोरना जाऊन सांगितलं.

कॅप्टन कोण, यावर मात्र अहिंसेच्या वर्गात मारामारी झाली. झानिया ब्रॉडनॅक्स आणि कीऑन मॅब्री, दोघांनाही ते पद हवं होतं. झानिया कीऑनच्या खांद्याएवढी आहे, तरी जिंकली तीच, निदान कीऑनच्या नाकातून आलेल्या रक्तावरून तरी. भांडण मिटवायला मी म्हणालो की मिस ओझेलांनाच मानाचं कॅप्टन करू या. कागदी फीत करून त्यांच्या कोटाला लावली. सगळे खूश झाले. माझ्या मते तो अत्यंत शहाणपणाचा तोडगा होता.

त्याच तासाला झानियाने हात वर केला. "मिस ओझेला, मग तुम्ही तिथे काय खाल्लंत?"

"काही नाही, पोरी. भाजलेलं चीज सँडविच आणि कॉफी मागितली होती. आणायच्या आत पोलीस आले."

"आणि सुटून आल्यावर?"

"सुटून आलो तर काउंटरवर पाटी. दुरुस्तीसाठी बंद. ती दुरुस्ती दुकान विकेपर्यंत चालू होती. त्यांनी गोऱ्यांनाही वाढणं बंद केलं, पण आम्हाला वाढलं नाही."

"मग तुम्ही दुसरीकडे खाल्लं असेल ना?"

"हजार ठिकाणी. पण मागितलं तिथे होतं." मिस ओझेलांनी पर्सचा चाप बंद केला. "माझी ऑर्डर अजून तीच आहे."

त्या हे हसत म्हणाल्या. मीही हसलो. वर्ग हसला नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तो काउंटर, स्टुलांसकट, आता संग्रहालयात आहे. संचालिका डॉ. सिमोन अ‍ॅशबी अटलांटाहून आल्या आहेत. हुशार, कष्टाळू, आणि गावातल्या इतरांपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. कुणाच्या तरी गोठ्यात कोंबड्यांखाली पडलेला तो काउंटर त्यांनी शोधून काढला, एका प्रतिष्ठानाकडून मदत मिळवली आणि पूर्वी होता तसा उभा केला. मंगळवारी दुपारी त्याच्याभोवती काच बसणार होती, कायमची. म्हणून त्यांनी आम्हाला सकाळीच बोलावलं. "काचेआधी त्याला पाहणारे तुम्ही शेवटचे," त्या फोनवर म्हणाल्या. मी ते वर्गात सांगितलं. मिस ओझेलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कायमची म्हणजे?" मी म्हणालो, कायमची. त्या म्हणाल्या, "मग मीही येते सहलीला."

काउंटरपुढे लाल मखमली दोर होता आणि दोराला पाटी होती. झानियाने ती मोठ्याने वाचली. "कृपया काउंटरवर बसू नये." मग तिने माझ्याकडे पाहिलं, मिस ओझेलांकडे पाहिलं आणि दोराखालून आत गेली. पाठोपाठ कीऑन आणि आणखी चार जण. मधलं स्टूल त्यांनी मोकळं ठेवलं होतं. मिस ओझेलांना वाकून जाता येत नाही, म्हणून वर्गातल्या दोन मुलींनी दोर उचलून धरला. जाताना त्यांनी पर्स माझ्या हातात दिली. "पर्नेल, ही धर. नीट धर, आत औषधं आहेत."

सातही जणांनी पुस्तकं उघडली. पाठी सरळ होत्या. शिक्षक म्हणून सांगतो, त्यात काढायला एकही चूक नव्हती.

डॉ. अ‍ॅशबी धावत आल्या. "मॅम, प्लीज. ते स्टूल फार नाजूक आहे. त्याच काळातलं आहे."

"मीसुद्धा त्याच काळातली आहे, बाळ," मिस ओझेला म्हणाल्या. "एक भाजलेलं चीज सँडविच आणि कॉफी. कॉफीत दूध नको."

डॉ. अ‍ॅशबींनी मला बाजूला घेतलं. प्रतिष्ठानाची अट होती की वस्तू वापरायची नाही आणि त्या दालनात अन्न आणायचं नाही. अट मोडली तर मदत परत द्यायची, म्हणजे संग्रहालयाला कुलूप. "मी यांच्यावरच प्रबंध लिहिलाय," त्या म्हणाल्या. "मिस पेटवेंवर एक अख्खं प्रकरण आहे. मी यांना कशी उठवू? तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही उठवा."

मी घसा साफ केला. "मुलांनो, झालं. चला, उठा."

झानियाने पान उलटलं. "सॉरी, सर. प्रश्न चौथा, सर."

मी मिसेस लॅटिमोरना फोन लावला. त्यांनी तो मुलांना ऐकू येईल असा धरायला सांगितला. "झानिया ब्रॉडनॅक्स, मी आत्ता तुझ्या आईला बोलावते."

"हो, मॅम. पण आई कॅप्टन नाहीये, मॅम."

"कॅप्टन कोण आहे?"

मुलांनी सांगितलं. मग मिसेस लॅटिमोर म्हणाल्या, "पर्नेल, तक्त्यांमध्ये काय वाईट होतं?"

मग ऑफिसर लमार गॅड्सडेन आला. कुणी बोलावलं ते नक्की कळलेलं नाही. टोपी काढून हातात धरून तो दोराबाहेर उभा राहिला. मिस ओझेलांनी त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय.

"मिस ओझेला, कशा आहात?"

"बसले आहे, लमार. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे, मॅम. मॅम, तुम्हाला उठावं लागेल."

"मग अटक कर. पद्धत तीच आहे. मी हात पुढे करते."

लमारचा चेहरा पाहवेना. तो म्हणाला, "मॅम, तुम्हाला बेड्या घालून मी घरी जेवायला कसा जाऊ?" त्याने बाहेर जाऊन पोलीसप्रमुखांना फोन केला. प्रमुखांनी विचारलं, टीव्हीवाले आलेत का. आले नव्हते. प्रमुख म्हणाले, अटक करू नकोस, आणि अटक करणार नाही असंही कुणाला सांगू नकोस. त्यानंतर लमार दारात उभा राहून लोक आत येऊ नयेत म्हणून लक्ष ठेवू लागला. लोक आत येत राहिले, कारण तो प्रत्येकाला ओळखत होता.

त्यात डीकन थ्रेडगिल रविवारचा सूट घालून आले. त्यांनी काउंटरची पाहणी केली आणि कीऑनच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, जरा सरक. हे माझं स्टूल."

"सर, जागा भरली आहे, सर," कीऑन म्हणाला.

मिस ओझेलांनी पुस्तकातून मान वर केली. "डीकन, डेट्रॉइटला हवा कशी होती हो तेव्हा?"

डीकन म्हणाले की थंडी होती. मग ते भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला वाटलं होतं मला मजा वाटेल. फारशी वाटली नाही.

काच बसवणारे दोघे ठरल्या वेळी ट्रक घेऊन आले. काच त्यांनी भिंतीला टेकवली, काउंटरवरच्या मंडळींची दाटी पाहिली आणि विचारलं, "यांच्यासकट बसवायची का?" डॉ. अ‍ॅशबी दालनाच्या कोपऱ्यात प्रतिष्ठानाच्या कार्यालयाला फोन लावत होत्या. तिथून संगीत ऐकू येत होतं. संगीत संपल्यावर एका माणसाने सांगितलं की अशी परवानगी समिती देते, समितीची बैठक एप्रिलमध्ये आहे, आणि विनंती लेखी हवी.

व्हर्डेल घरून सँडविच भाजून, चांदीच्या कागदात गुंडाळून घेऊन आली. तिच्यामागे चर्चच्या बायका केक घेऊन. डॉ. अ‍ॅशबी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अन्न आत नेता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या. स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं असावं. त्या सावकाश जाऊन खाली फरशीवर बसल्या, काउंटरला पाठ न लावता, कारण तीही वस्तूच.

"तुझं चुकत नाही, पोरी," मिस ओझेला वरून म्हणाल्या. "तुझ्याकडे नियम आहे. त्यांच्याकडेही होता. मिस्टर हॅरल माणूस वाईट नव्हता, त्यानेही असाच चेहरा केला होता."

"मॅम, असं म्हणू नका," डॉ. अ‍ॅशबी म्हणाल्या.

"ठीक आहे, नाही म्हणत. व्हर्डेल, तुझं सँडविच तू क्लिफला दे, त्याला भूक लागलीय. मला घरचं नकोय. मला काउंटरच्या त्या बाजूने कुणीतरी आणून द्यायला हवंय."

ते सँडविच मी बाहेर पायऱ्यांवर खाल्लं. ज्यासाठी एक बाई साठपेक्षा जास्त वर्षं थांबली आहे, तेच आपण उभ्या उभ्या खाताना चव लागत नाही, पण मी संपवलं.

बस निघायची वेळ झाली. ड्रायव्हर आत येऊन माझ्याकडे बघत राहिला. मी मिस ओझेलांकडे पाहिलं. त्यांनी पुस्तक मिटलं. "बाळांनो, कॅप्टन सांगतेय. उठा. स्टूल हाताने पुसा. डॉक्टरबाईंना थँक यू म्हणा."

सहाही मुलं तत्काळ उठली. सकाळपासून मला, मुख्याध्यापिकांना आणि पोलिसांना मिळून जे जमलं नव्हतं ते. प्रत्येकाने फरशीवर बसलेल्या डॉ. अ‍ॅशबींना "थँक यू, मॅम" म्हटलं. झानिया शेवटी गेली. दारातून तिने वळून विचारलं, "तुम्ही, मिस ओझेला?"

"मला कुठे चाचणी द्यायची आहे."

रिकाम्या झालेल्या सहा स्टुलांवर चर्चच्या बायका एकेक करून जाऊन बसल्या, टोप्यांसकट. कुणी सांगितलं नव्हतं. काचवाले म्हणाले, दिवसभराची मजुरी लावावी लागेल, आणि केककडे पाहत भिंतीला टेकले. शिक्षणाधिकाऱ्यांचा निरोप आला की उद्या सकाळी मी आणि मिसेस लॅटिमोर यांनी भेटावं. कशासाठी ते सांगितलेलं नाही.

आता संग्रहालय बंद व्हायची वेळ उलटून गेली आहे. दिवे चालू आहेत. मिस ओझेला बसून आहेत, पाठ सरळ, आणि पुस्तकाची शेवटची पानं उरली आहेत. काच अजून भिंतीला टेकलेली आहे. थोड्या वेळापूर्वी डॉ. अ‍ॅशबी फरशीवरून उठल्या, कुणाकडे न पाहता काउंटरच्या मागून गेल्या आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत शिरल्या. दार लावून घेतलं आहे. आतून लोणी तापल्याचा वास येतोय. त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, तेव्हा ते कुणासाठी चाललंय हे निश्चित सांगता येत नाही. व्हर्डेल म्हणते, कॉफीचाही वास आहे. मला अजून आलेला नाही.